समोरचे जामीनदार

प्रिय खारूताई,

जिंकलो गं! हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं सावकाश. आज सकाळी न्यायाधीशबाईंनी शेवटच्या हुकुमावर सही केली आणि तुझी मिळकत खऱ्या अर्थाने तुझी झाली. कारखाना, वरच्या दोन खोल्या, शिलाईची मशिनं, तो कुरकुरणारा टेम्पो, सगळं. तशी तू मागच्या महिन्यातच सज्ञान झालीस, पण कोर्टाचं घड्याळ आपल्यापेक्षा जरा मागेच चालतं. परीक्षा टाकून येऊ नकोस असं मीच तुला बजावलं होतं, तुझा संमतीचा कागद वकीलबाईंनी आधीच दाखल केला होता, त्यामुळे तुझ्यावाचून काही अडलं नाही. तरी तू असायला हवी होतीस. हुकूम ऐकून मी भर कोर्टात इतक्या मोठ्याने हसले की शिपायाने तोंडावर बोट ठेवून दटावलं. मी तोंडाला रुमाल लावला, पण हसू काही आवरेना.

परवा फोनवर तू विचारलंस, 'आतू, इतकी वर्षं तू त्या कोर्टाची एवढी धास्ती का घेतली होतीस?' तेव्हा गिऱ्हाईक आलं आणि उत्तर राहिलं. ते आज देते. तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतीस, आणि तुझा बाबा, माझा दादा, गेला तेव्हा तू पहिलीत. दादाचा कोच-सोफ्यांचा कारखाना तुझ्या नावावर आला. एवढ्याशा पोरीला कोर्टाच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात. तू तेव्हाही मोठ्या काकांपेक्षा शहाणी होतीस, पण कायद्याला ते कोण सांगणार? अज्ञानाची मिळकत सांभाळायला कोर्ट पालक नेमतं. मी सख्खी आत्या, त्याच कारखान्यात खोळी शिवायची, तुला न्हाऊमाखू घालायची, म्हणजे पालक मीच होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या वेळचे न्यायाधीशसाहेबही हो म्हणाले. आणि मग म्हणाले, बंधपत्र आणा.

बंधपत्र म्हणजे काय ते मलाही त्याच दिवशी कळलं. उद्या ह्या बाईने पोरीची मिळकत उधळली, तर ती भरून कोण देणार? ते मी लिहून द्यायचं, आणि माझ्या पाठीशी एक जामीनदार उभा करायचा, ज्याचं स्वतःचं घरदार आहे. मी बुडवलं तर त्याचं घर जाणार. माझ्या नावावर काय होतं? एक सुई आणि एक जीभ, दोन्ही धारदार, पण दोन्ही गहाण ठेवता येत नाहीत. मी आनंदाने तरातरा निघाले होते ती पायरीवरच मटकन बसले.

मोठ्या काकांकडे घर होतं. ते माझे सख्खे थोरले भाऊ, तुझेही सख्खे काका, पण ते म्हणाले, 'घर माझ्या तीन पोरांचं आहे. ते मी तुझ्या सुईला कसं टांगू?' त्यांचं म्हणणं साधं होतं. कारखाना विकून टाकायचा, आलेला पैसा बँकेत कोर्टाच्या हुकुमाखाली ठेवायचा, त्याला कोणी हात लावू शकत नाही म्हणून जामीनही लागत नाही. पोरगी मोठी झाली की घेईल. आज शांतपणे विचार केला तर ते काही खोटं बोलत नव्हते. तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण तू बोलत नव्हतीस गं. दादा गेला त्या दिवसापासून तुझ्या तोंडून शब्द नव्हता. घरात तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, आणि कारखान्यात आणलं की कापड कापायच्या मोठ्या मेजाखाली जाऊन बसायचीस. तिथे तरी जेवायचीस, चिंध्यांशी खेळायचीस. डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, जे उरलंय ते तिच्याकडून काढून घेऊ नका. आता मला सांग, ते मेज विकून बँकेत कसं ठेवायचं?

कोर्टाने मुदत दिली होती आणि मी दारोदार हिंडले. दादाची जुनी गिऱ्हाइकं, लाकडाचे व्यापारी, तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळ्यांनी चहा दिला, सगळ्यांनी दादाची आठवण काढली, आणि जामीन म्हटलं की सगळ्यांना एकाएकी बाहेर जायचं असायचं. पैसे घेऊन जामीन राहणारी एक कंपनी आहे असं कळलं, तिथेही गेले. तिथल्या टायवाल्याने विचारलं, घर? नाही. शेअर? नाही. नवरा? तोही नाही. त्याने फार अदबीने मला दार उघडून दिलं. मुदत संपत आली तशी माझी पाचावर धारण बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं, पण हे मला तेव्हा कुठे माहीत?

कारण तो कळसा म्हणजे आपले समोरचे. आज तू त्यांना समोरचे काका म्हणून त्यांच्या खांद्यावर चढत मोठी झालीस, पण तेव्हा आपल्या कारखान्यात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. रस्त्यापलीकडे त्यांचाही कोचांचाच कारखाना, आणि दादाचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. कधीकाळी दादा कुणा गिऱ्हाइकाला म्हणाला होता की समोर कोचात जुना काथ्या भरतात. ते त्यांच्या कानावर गेलं आणि बोलणं बंद. सकाळी शटर आधी कोणाचं उघडतं यावर शर्यत लागायची. एकाने खाकरलं की दुसरा त्याहून जोरात खाकरायचा. त्यांची बायको वारली तेव्हा दादा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता. दादा गेला तेव्हा तेही रस्ता ओलांडून आपल्या फुटपाथपर्यंत आले, आणि तिथेच उभे राहिले. दोघेही एकाच मातीचे.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी ते थेट आत आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी नुकतीच संपवलेली खुर्ची उचलली, उलटी केली, तिचा तळ पाहिला आणि परत ठेवली. म्हणाले, 'जामीनदार मिळाला?' मी म्हटलं, नाही. म्हणाले, 'घराचे कागद काढून ठेवलेत. उद्या कोर्ट किती वाजता उघडतं?' मी आभार मानायचे सोडून त्यांच्याकडे संशयाने बघत बसले. मला वाटलं, हा आता पोरीचा कारखाना घशात घालणार. वकीलबाईंनाही तेच वाटलं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर अख्खं घर समोर येत होतं.

कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी त्यांना विचारलं, 'ह्या बाईंशी तुमचं नातं काय?' ते म्हणाले, 'काही नाही. मी समोरचा.' साहेब म्हणाले, 'म्हणजे ह्यांचा धंदा बुडाला तर तुमचा फायदाच. मग जामीन का राहता?' तेव्हा समोरच्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ते म्हणाले, 'साहेब, ह्यांचे जुने कोच कधीकधी दुरुस्तीला माझ्याकडे येतात. वरची शिवण सगळेच चांगली घालतात, गिऱ्हाईक बघतं ना. ह्या बाई तळाच्या गोणपाटालासुद्धा दुहेरी टीप घालतात. तिथे कुणीही बघत नाही. ती उसवता उसवता माझी बोटं सोलून निघतात, वैताग येतो. पण जिथे कुणी बघत नाही तिथे जी बाई लबाडी करत नाही, तिच्यासाठी घर लिहून द्यायला मला भीती नाही.' मग म्हणाले, 'आणि समोरचं दुकान बंद पडलं तर मी आळशी होईन.' जन्मात माझी एवढी स्तुती कुणी केली नव्हती, आणि केली तीही तक्रारीच्या सुरात. न्यायाधीशसाहेबांनी सही केली आणि मी तुझी पालक झाले.

आता घर अडकवलेला माणूस स्वस्थ बसतो होय? दर शनिवारी समोरचे हजर. नव्या कोचावर बसून बघायचे, स्प्रिंगा दाबायचे, कापडाचा भाव विचारायचे, आणि कशावरूनही म्हणायचे, 'जपून हं, माझं घर अडकलंय इथे!' दिव्याचं बटण चालू राहिलं तरी माझं घर, कारागीर उशिरा आला तरी माझं घर. मी दातओठ खात ऐकून घ्यायची. एका शनिवारी मी महागाचं लाल मखमली कापड घेतलं म्हणून ते नुसते कडाडले. त्यांचं 'माझं घर अडकलंय इथे' म्हणून झालं, आणि मेजाखालून तस्साच जाडा, तस्साच चिडका आवाज आला, 'माझं घर अडकलंय इथे!' मशिनं थांबली. कारागीर थांबले. कितीतरी दिवसांनी तू बोलली होतीस, आणि बोललीस ती त्यांची नक्कल करून! समोरचे गुडघे टेकून खाली वाकले, मेजाखाली बघून फार गंभीरपणे म्हणाले, 'बरोबर आहे. तुझंही अडकलंय.' मग ते बाहेर जाऊन फुटपाथवर उगाच चष्मा पुसत उभे राहिले. मी आत त्या महागाच्या मखमलीत तोंड खुपसून रडले, डाग पडला, आणि तो तुकडा मला पदरमोड करून स्वतःच विकत घ्यावा लागला. जामीनदारांनीच तसं सांगितलं.

त्यानंतर तुझं तोंड जे सुरू झालं ते आजतागायत बंद नाही. मध्ये एकच वर्ष वाईट गेलं, ते तुला आठवत असेल. तू आठवीत होतीस. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आपल्याला मिळालं होतं, आपल्या कारखान्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम, आणि शेजारच्या इमारतीची पाण्याची वाहिनी फुटली. एका दुपारीत फोम, काथ्या, शिवलेल्या खोळी, सगळ्याचा चिखल. मोठ्या काकांनी तेच निमित्त धरून कोर्टात अर्ज टाकला की बघा, बाईला झेपत नाही, आता तरी कारखाना विकू द्या. न्यायाधीशबाई तेव्हा नवीन आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि समोरच्यांना म्हणाल्या, 'नुकसान मोठं दिसतंय. तुम्हाला ह्या जामिनातून मोकळं व्हायचं असेल तर आज सांगा, मी मोकळं करते.' समोरच्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हो म्हणतील, आणि त्यांनी हो म्हटलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. ते म्हणाले, 'नको बाई. पोरगी सज्ञान होईपर्यंत मी बाहेरचाच बरा.' न्यायाधीशबाईंना ते उत्तर जरा विचित्र वाटलं असावं. माझे डोळे भरून आले, आणि वकीलबाईंना वाटलं मी घाबरले म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःचं शटर खाली ओढलं आणि आपली सगळी माणसं घेऊन रस्ता ओलांडला. आठवतंय ना ते? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांचे सांगाडे वाळत पडलेले, जाणारे-येणारे त्यांच्यावर बसून विश्रांती घेतायत, आणि तू शाळेच्या गणवेशात त्यांना उठवत फिरतेयस. दादाचे कारागीर आणि समोरचे कारागीर, इतकी वर्षं एकमेकांकडे न बघितलेले, एकाच मेजावर खोळी शिवत होते आणि कोणाची टीप सरळ यावरून भांडत होते. नाट्यगृहाचा पडदा ठरल्या दिवशी वर गेला. पहिल्या रांगेत आपण तिघं बसलो होतो, आणि समोरचे नाटक सोडून खुर्चीचे हात चाचपत होते. न्यायाधीशबाईंनी काकांचा अर्ज फेटाळला.

आज त्याच न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं की पालकाचं काम पूर्ण झालं, हिशेब मान्य आहेत, पालक मोकळी, जामीनदार मोकळा, बंधपत्र रद्द. मला वाटलं होतं की रद्द म्हटल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटेल. छे! खांद्यावरून टेम्पो उतरल्यासारखं वाटलं. कारकुनांनी समोरच्यांना घराचे कागद परत दिले, त्यांनी ते उलटे करून मागची बाजू तपासली आणि खिशात घातले. बाहेर मोठे काका उभे होते. आता काठी घेऊन चालतात. मला वाटलं काहीतरी टोचून बोलतील, म्हणून मीही जिभेला धार लावून तयार. ते घसा साफ करून म्हणाले, 'आमच्या कोचाच्या स्प्रिंगा गेल्यात. तुझ्याकडे पाठवू का?' माझ्या थोरल्या भावाला ह्याहून मोठी माफी मागता येत नाही. मी म्हटलं, पाठवा, पण पैसे घेईन, कारखाना माझ्या भाचीचा आहे. ते हसले, आणि खरं सांगते, कितीतरी वर्षांनी मला ते माझे भाऊ वाटले.

आता हे सगळं फोनवर न सांगता एवढं लांबलचक का लिहिलं ते सांगते. तू आठवीत होतीस त्याच वर्षी, पाणी शिरायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी मशिनं बंद झाल्यावर समोरचे म्हणाले, 'रस्ता ओलांडून ओलांडून कंटाळा आला. तुमची हरकत नसेल तर इकडेच राहायला यावं म्हणतो.' माझी हरकत नव्हती गं. मुळीच नव्हती. पण मी कापड मापल्याशिवाय कात्री लावत नाही, म्हणून आधी कोर्टातल्या कारकुनांना जाऊन विचारलं, एका मैत्रिणीसाठी म्हणून. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, 'तुमच्या मैत्रिणीला सांगा, जामीनदार बाहेरचाच लागतो. पालकाशी लग्न केलं की तो घरचा झाला. मग त्याचा जामीन गेला, नवा आणा.' नवा कुठून आणणार होते मी? आणि नवा नाही म्हणजे कारखान्याचा लिलाव. समोरच्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, 'ठीक आहे. मग शनिवारचा येत जाईन.' त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढे कोर्टाने त्यांना मोकळं व्हायचंय का विचारलं, तेव्हा ते एका शब्दात घरही सोडवू शकले असते आणि मलाही मागू शकले असते. त्यांनी तुला निवडलं, म्हणून मी त्यांच्यावर जन्मभर प्रेम करणार आहे, आणि हे लिहायला मला आज काही लाज वाटत नाही. आज कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, 'आता मी कुणाचा जामीनदार नाही.' मी म्हटलं, मग? तर हा कडक माणूस कानापर्यंत लाल झाला. तेव्हा खारूताई, इतकी वर्षं तुझ्या वतीने हो-नाही म्हणायला कोर्टाने मला बसवलं होतं. आज माझ्या बाबतीत मी तुला विचारते, कारण माझ्या घरचं मोठं माणूस आता तूच. तुझ्या आत्याने लग्न करावं का? हो असेल तर परीक्षा संपली की ये. नोंदणी कचेरीत सज्ञान साक्षीदार लागतात, आणि पहिली सही तुझीच हवी असं ते म्हणतात. त्यांना आतोबा म्हणायची सवयही आत्तापासून कर. हे पत्र लिहून होईपर्यंत ते तीनदा रस्ता ओलांडून 'झालं का लिहून?' विचारून गेले. ज्याने कोर्टात बेधडक घर लिहून दिलं तो माणूस तुझ्या उत्तराला घाबरलाय. लवकर कळव गं.

आता कोणत्याही कोर्टाने न नेमलेली,
तरीही तुझीच,
आत्या